पुरे म्हणेपर्यंत

२३ नोव्हेंबर

रविवारी दुपारी वसतिगृहाच्या मागच्या नळावर आम्ही दोघी बूट पांढरे करत बसायचो. सोमवारी पी.टी. असे, आणि सिस्टर बेनेडिक्टा आधी पाय बघत, मग चेहरा. वर्गातून आणलेला खडू हंसा पाण्यात भिजवायची आणि बोटाने कॅनव्हासवर फासायची. मी कोरडाच घासायचे. "कोरडा लावला की पहिल्याच चकरेत झडते व, विमल," म्हणत ती माझा बूट ओढून घ्यायची. मग तिचे दोन, माझे दोन, असे चारही बूट उन्हात भिंतीला टेकवून ठेवायचे आणि फुटाणे खात त्यांच्याकडे बघत बसायचं. काय बोलायचो ते आठवत नाही. बहुतेक काहीच बोलत नसू.

हंसाला जाऊन पंधरवडा झाला. तिच्या तांड्यावरून नेरला परत आले तेव्हापासून मला ते चार बूट दिसतात.

माझे यजमान रामराव गेले तेव्हा मी महिनाभर रडत होते. या वेळी रडू आलं नाही. तिला नेत असताना माझ्यामागे उभी असलेली एक बाई दुसरीला म्हणाली, "खोटी हंसा गेली." तिरस्काराने नव्हे. तांड्यात हंसा नावाच्या आणखी बायका आहेत, कोणती ते कळावं म्हणून. पंचेचाळीस वर्षांत तो शब्द तिचं आडनाव होऊन बसला होता.

आणि खांदा द्यायला तांड्याचा नायक इंद्रजीत पुढे. पांढरा शर्ट, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली.

२९ नोव्हेंबर

आज सगळं नीट लिहून काढते. सिस्टर सांगायच्या, राग आला की लिहावं, कागदावर तो लहान दिसतो. बघू.

पुसदच्या पुढे डोंगरात चिचबर्डी तांडा आहे. समोर खोरं, खोऱ्यापलीकडे शेंदऱ्या डोंगर. माघी पौर्णिमेला तांड्यातले लोक त्या डोंगराच्या माथ्यापर्यंत धावत जातात आणि परत येतात. रस्ता नाहीच. धोंडे आहेत, बोराटी आहे, सागाचा वाळका पाला आहे आणि मध्ये एक कडा आहे. माथ्यावर तेलाशेंदराने माखलेला दगड. त्यावर उजवा पंजा टेकवायचा आणि शेंदरी हात घेऊन खाली यायचं. ज्याचा हात कोरा, तो वर गेलाच नाही. ही धाव पुसदमध्येसुद्धा फार लोकांना ठाऊक नाही.

दहावीच्या वर्षी हंसा धावली. त्याआधी मुलगी कधी धावली नव्हती. तिच्या मामाच्या लग्नाचं निमित्त सांगून आम्ही दोघी वसतिगृहातून सुटलो होतो. मी तांड्याच्या चिंचेखाली तिच्या चपला घेऊन उभी होते. ती सगळ्यांच्या आधी आली. तिच्यामागून बऱ्याच वेळाने नायकाचा मुलगा इंद्रजीत आला. पंचांनी दोघांचे हात बघितले. त्याचा शेंदरी. तिचा खरचटलेला, मातीने भरलेला, कोरा.

"इंद्रजीतले विचारा," ती म्हणाली.

उतरताना कड्यावर त्याचा पाय सुटला होता. एका मुळीला धरून तो लोंबकळत होता. ती पुढे निघून गेली होती, त्याची हाक ऐकून मागे फिरली आणि उजवा हात देऊन तिने त्याला वर ओढलं. तिच्या पंजाचा शेंदूर त्याच्या डाव्या मनगटावर उतरला. जो उरला तो मुरमात घासून गेला.

पंचांनी विचारलं. इंद्रजीत म्हणाला, "मले काय मालूम."

त्याने डाव्या मनगटाला दुपट्टा गुंडाळलेला होता. लागलं आहे, म्हणाला. संध्याकाळी हंसाने मला कड्याची गोष्ट सांगितली तेव्हा मला त्या दुपट्ट्याचा अर्थ कळला. सकाळी मी पंचांकडे गेले आणि दुपट्टा सोडायला सांगा म्हणाले. ते हसले. "कॉन्व्हेंटची पोरगी हाये, मैत्रिणीसाठी भांडून राह्यली," म्हणाले आणि मला गूळ दिला.

फेटा इंद्रजीतला मिळाला. हंसाचं ठरलेलं लग्न मोडलं, कारण खोटी सून कोणाला हवी असते? पुढे झालं ते तांड्यातल्याच एका बिजवराशी. तिला परत शाळेत धाडलं नाही. वसतिगृहात माझ्या शेजारची कॉट वर्षभर रिकामी होती. तिचे बूट मीच कागदात बांधून पाठवले. खडू लावून. भिजवून.

नाही, राग लहान दिसत नाही. सिस्टर असंही म्हणायच्या की सूड देवावर सोडावा. मी देवाला पंचेचाळीस वर्षं दिली.

७ डिसेंबर

समीक्षाचा फोन. समीक्षा म्हणजे हंसाची नात, पुसदला कॉलेजात जाते. पोरीचा आवाज हुबेहूब तिच्या आजीचा.

"आजी, यंदा धावेचा मान कोणाच्या घरी हाये, सांगा बरं?"

"कोणाच्या?"

"इंद्रजीत नायकाच्या. पाळी पूनमसिंगकाकाची होती, पन नायकानं मागून घेतली. आजीचं दिवसपाणी झालं अन् दुसऱ्याच दिवशी गेलता त्याच्याकडे."

मागून घेतली! निवडणुका आल्या असतील, मिरवायचं असेल.

मान म्हणजे काय ते मला हंसाने तेव्हाच सांगितलं होतं. धाव सुटली की मानकऱ्याने चिंचेखाली अनवाणी उभं राहायचं. शेवटचा माणूस परत येईपर्यंत बसायचं नाही, खायचं नाही, पाणी प्यायचं नाही. पहिल्याला फेटा. आणि शेवटी येणाऱ्याचे पाय मानकऱ्याने पितळी परातीत स्वतःच्या हाताने धुवायचे. तो "पुरे" म्हणेपर्यंत. "पुरे" म्हटल्यावर परात पालथी करतात, आणि मगच मान पुढच्या घरी जातो.

मी विचारलं, "बाहेरचं माणूस धावू शकतं का गं?"

"कोणीबी धावते. पुसदचा एक जिमवाला येते दरसाली. भारीतले बूट घालून. कड्यापासून वापस जाते."

"आणि म्हातारं माणूस?"

ती म्हणाली, "आजी, तुम्ही काय करून राह्यल्या?"

मी काहीच करत नाही. मी फक्त शेवटी येणार आहे.

११ डिसेंबर

नेरच्या बाजारातून पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. दुकानदार म्हणाला, "नातवासाठी का, काकू? नंबर मोठा होईन." मी तिथेच बसून घालून बघितले. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

नव्या बुटाला खडूची गरज नसते. तरी लावला.

२१ डिसेंबर

रोज सकाळी शेताच्या बांधावरून चालते. कापूस वेचणाऱ्या बाया हात थांबवून बघतात. तुळसाबाई ओरडून विचारते, "विमलताई, कोण मागं लागलं व?" मी म्हणते, "मागं कोणी नाही, पुढे आहे." त्या हसतात.

नाल्यापलीकडची टेकडी आता दोनदा चढते. डावा खांदा दुखतो. पाण्याची पिशवी त्या खांद्यावर असते म्हणून असेल, उद्यापासून उजव्यावर घेईन.

रजतने पुण्याहून फोन केला होता. कोणी तरी त्याला सांगितलं.

"आई, तुले काय झालं? डोंगरावर धावायले चालली तू?"

"धावायला नाही. चालायला."

"कायले पण?"

"हंसामावशीसाठी."

"मावशी गेली ना आई. आता कोणाले काय फरक पडते?"

रजत चांगला मुलगा आहे. त्याला वाटतं मेलेल्या माणसाचा अपमान त्याच्याबरोबरच जळतो. मग समीक्षाला अजून "खोटीची नात" का म्हणतात? कॉलेजच्या बसमध्ये तांड्यातली पोरं तिला म्हणतात, हात दाखव. ती धावण्यात आजीवर गेली आहे, पण धावेत उतरत नाही. म्हणते, "पहिली आली तरी माह्या हाताकडेच पाह्यतीन."

४ जानेवारी

आज बबिता आली होती. इंद्रजीतची सून. एवढ्या लांबून दोन बस बदलून. बरोबर घरचे तीळ आणि बोरं. मला ती आवडू नये असं मी ठरवलं होतं, पण गोड पोरगी आहे. चहा दिला, पोहे दिले. तिने कप स्वतः विसळून ठेवला.

"मावशी, तुम्ही धावेले येऊन राह्यल्या म्हनते."

"येते आहे."

"बाबाले शुगर हाये. पाय सुजतेत. डॉक्टरनं उपाशी राहू नको म्हनलं."

"मग मान मागून कशाला घेतला त्यांनी?"

तिने मान खाली घातली. "मले नाई सांगत काही. रोज सकायी शेंदऱ्यावर जातेत. कोयता घेऊन. या वयात."

"व्यायाम करत असतील."

"मावशी, तुम्ही जरा... लवकर याल का?"

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. खरोखर मायेनेच फिरवला. म्हणाले, "बाळा, मी म्हातारी बाई. माझ्याच्याने जितकं होईल तितकंच होणार ना?"

ती गेल्यावर मला स्वतःचं हसू आलं, आणि नंतर तीळ खाताना घशाशी आलं. पोहे तेलकट झाले होते.

१७ जानेवारी, चिचबर्डी

संक्रांत करून इकडे आले. हंसाच्या घरात राहते आहे. तिची गोधडी पांघरते. गोधडीला अजून तिचा, धुराचा आणि निंबोळीच्या तेलाचा वास आहे.

संध्याकाळी भुरीबाई आली. तांड्यातली सगळ्यांत वयस्कर बाई, धावेचे सगळे नियम तिच्याकडे. हातभर बांगड्या, तोंडात दात नाही, नजर मात्र चाकूसारखी. माझे बूट उचलून उलटेसुलटे बघितले.

"हे तर डागदराच्या नर्सचे बूट व."

"शाळेतले आहेत याडी." तांड्यात आईला याडी म्हणतात. हंसानेच शिकवलं होतं.

मी विचारलं, शेवटच्याचे पाय का धुतात? पहिल्याचे का नाही?

"आपले लोक बैलावर मीठ, धान्य घेऊन याच डोंगरातून जात होते," ती म्हणाली. "पुढचा बैल तर कोनाचाबी येते. पन शेवटचा बैल, शेवटचं मानूस आल्याबिगर नायक गोनी उतरवत नव्हता. उभाच राह्यचा. कोनी मांगं राह्यलं तर त्याच्यात चूक नायकाची. म्हून पाय धुवाचे."

मग तिने मला नियम सांगितले. कोणी हात दिला तर गणती नाही. कोणी उचलून आणलं तर गणती नाही. मध्येच परत फिरलं तर गणती नाही, आणि मग जो त्याच्या आधी आला तोच शेवटचा. बसून घेतलं तर चालेल. कितीही बसावं.

"कितीही?"

भुरीबाईने बूट खाली ठेवले. "तुह्या मनात काय हाये ते मले मालूम हाये," ती म्हणाली. "पन दम पुरला पाह्यजे, पोरी."

२३ जानेवारी

आज पहिल्यांदा कड्यापर्यंत जाऊन आले. मोजे कुसळांनी भरले. पायाखालचा सागाचा पाला असा वाजतो की सगळ्या डोंगराला कळतं, कोणी आलं.

एक गोष्ट विचित्र वाटली. बोराटी जागोजागी छाटलेली आहे. वाटेतले मोठे धोंडे बाजूला सारलेत. आणि कड्यावर, नेमका जिथे पाय सुटतो तिथे, सागाच्या खोडाला नवा दोर बांधलेला. हंसा धावली तेव्हा तिथे काहीच नव्हतं.

दोराजवळच इंद्रजीत भेटला. कोयता हातात, घामाने भिजलेला. पाय खरंच सुजलेत. मी सरळ बघितलं. त्याने बघितलं नाही.

"विमलबाई, दोर पक्का हाये. धरून उतरत जा."

"दोर कशाला? तुम्हा लोकांना हात धरायची सवय आहे ना?"

तो कोयता पाल्यात पुसत राहिला. उन्हात एवढा घाम, तरी बाह्यांची बटणं लावलेलीच.

सगळं समजतं मला. वाट सोपी केली की म्हातारी लवकर खाली येईल, आणि याला लवकर बसता येईल. दोर मी धरणार नाही.

२७ जानेवारी

दाढ दुखते. डाव्या जबड्यापासून कानापर्यंत. चढताना जास्त दुखते, बसलं की थांबते. समीक्षाने लवंग दिली. धाव झाली की यवतमाळला जाऊन काढून टाकीन.

३१ जानेवारी

उद्या.

समीक्षाने माझ्या पायांना तेल लावलं. हंसाचे चांदीचे तोडे काढून आणले आणि म्हणाली, "घालता का?" मी घातले. सैल होतात. हंसाची पिंढरी माझ्या दुप्पट होती.

"आजी, भेव वाटत नाई?"

"कशाचं?"

"ते जर काही बोललेच नाई तर? पाय धुतले अन् उठून गेले तर?"

"मी पुरे म्हटल्याशिवाय उठता येत नाही त्याला."

ती तेल लावता लावता थांबली. मग तिच्या लक्षात आलं, आणि ती हसली. पहिल्यांदाच हंसासारखी हसली, एका बाजूने.

मी नकाशा काढावा तसं सगळं मनात काढलं आहे. माथ्यावर बसून भाकर खाईन. उतरताना प्रत्येक सावलीत बसेन. पळस फुलायला लागलेत, ते बघेन. तो उभा राहील. त्याचे पाय फुगतील, तळवे पोळतील, तोंड सुकेल, आणि तांड्यातला जो तो त्याला विचारील, कोण राहिलं? आणि त्याला माझं नाव घ्यावं लागेल. मी गेली कित्येक वर्षं इतकी आनंदात नव्हते. देवा, हे पाप असेल तर तसं लिहून ठेव. मी सही करीन.

२ फेब्रुवारी, यवतमाळ

आजच लिहिलं पाहिजे.

धाव सुटली तेव्हा सगळे माझ्या बाजूने पाण्यासारखे निघून गेले. जिमवालाही होता. मी चालत राहिले. खोऱ्यात उतरेपर्यंत पहिली पोरं माथ्यावरून परत येताना भेटली. शेंदरी हात वर धरून, ओरडत, धोंड्यांवरून उड्या मारत. एकाने ओरडून विचारलं, "आजी, उद्या येता का?" मी म्हटलं, "परवा."

कड्यावर दोर धरला नाही. चढताना गुडघे आणि हात टेकले. माथ्यावर पोचले तेव्हा कोणी नव्हतं. दगड उन्हाने तापलेला होता. मी पंजा टेकवला आणि दाबला, शिरा दुखेपर्यंत. मग बसले. भाकर खाल्ली नाही, घशाखाली उतरेना. खाली तांडा दिसत होता, चिंच दिसत होती, आणि चिंचेखाली एक पांढरा ठिपका. मी त्याच्याकडे बघत बसले. हलत नव्हता. मला फार बरं वाटलं.

उतरताना दाढ इतकी दुखायला लागली की डोळ्यांपुढे काळं येत होतं. कड्यावर बसून, घसरत, साडी फाडून घेत उतरले. डावा हात जड झाला होता. उजवा मी पदरात गुंडाळून छातीशी धरला होता, शेंदूर पुसू नये म्हणून. सावलीत बसायचं ठरवलं होतं, पण एकदा बसले तर उठवेना, म्हणून पुढे बसलेच नाही. म्हणजे बघा, मला हवं होतं त्यापेक्षा मी लवकरच आले.

तरी ऊन कलंडलं होतं. सगळा तांडा चिंचेखाली. इंद्रजीत उभा होता. ओठ पांढरे, पाय घोट्यापाशी भरून आलेले. मला बघून त्याने डोळे मिटले.

भुरीबाईने माझा पदर सोडवला आणि हात वर धरून सगळ्यांना दाखवला. "शेंदूर हाये. गनली."

मला पाटावर बसवलं. परातीतलं पाणी कोमट होतं. तो गुडघ्यांवर बसला. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या, पाणी लागू नये म्हणून असतील. त्याने माझे बूट काढले, मोजे काढले, आणि पायात रुतलेली कुसळं एकेक करून काढायला लागला. मी काढू दिली.

"लय उशीर लावला, विमलबाई."

"तुझ्यापेक्षा कमी," मी म्हणाले.

मग मी वाकले आणि शेंदराच्या हाताने त्याचं डावं मनगट धरलं. घट्ट. पाची बोटं उमटतील असं.

"हे इथंच होतं ना?"

त्याने हात ओढून घेतला नाही.

"हव."

"मोठ्यानं."

"हव!" त्याचा आवाज फाटला. "हंसाचा हात इथंच होता. तिनं मले वर घेतलं. नाही तर मी कड्याखालीच गेलतो."

"आणि पंचांनी विचारलं तेव्हा?"

"मले काय मालूम, म्हनलो."

"मालूम होतं?"

"होतं."

चिंचेखाली इतकी माणसं, पण फक्त परातीत पाणी ठिबकण्याचा आवाज. मग भुरीबाई म्हणाली, "मंग पहिली हंसाच होती." कोणाला विचारून नाही, नुसतं सांगितलं. पूनमसिंगने डोक्याचा फेटा काढला आणि समीक्षापुढे धरला. समीक्षाने घेतला नाही. ती तोंडावर ओढणी दाबून उभी होती.

इंद्रजीत माझे पाय धूतच होता. "आता पुरे म्हना, ताई."

झालं होतं ना सगळं? जे मागायला आले होते ते सगळं. त्याच्या डोक्यावरचं टक्कल मला दिसत होतं, म्हातारं, ऊन लागून लाल झालेलं. आणि मला ती रिकामी कॉट दिसली. गादी गुंडाळून ठेवलेली, वर लोखंडी पट्ट्या. "पुरे" तोंडात आलं होतं. मी ते गिळलं.

त्यानंतर छातीवर कोणी धोंडा ठेवला.

एवढंच आठवतं. समीक्षा सांगते, माझं तोंड खडूसारखं झालं होतं. इंद्रजीतने मला उचललं आणि जीपमध्ये पुसदला, तिथून अँब्युलन्सने इथे आणलं. उपाशीच. भुरीबाईने वाटेत त्याला पाणी पाजलं म्हणे. म्हणाली, "पी. धाव झाली. पुरे झालं नाही तो भाग अलग."

डॉक्टर म्हणतात असे लहान झटके आधीही येऊन गेले असणार. काही जाणवलं नाही का? मी म्हटलं, दाढ दुखत होती.

३ फेब्रुवारी

परात अजून इंद्रजीतच्या ओसरीवर आहे. पाण्यासकट. "पुरे" म्हटल्याशिवाय पालथी करता येत नाही आणि मान हलत नाही. असं आजवर कधी झालं नव्हतं, तांड्यात सगळे गोंधळलेत.

बबिता आत आली. उशापाशी बसली. "मावशी, बाबा बाहेर बाकावर हायेत. कालपासून. हात धुतला नाही त्यांनी, शेंदूर तसाच हाये. एक शब्द बोला ना."

"डॉक्टरांनी मला बोलायची मनाई केली आहे," मी म्हणाले.

तिने माझी चादर सारखी केली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "त्यांनी मान यासाठीच मागून घेतला होता, मावशी. हंसाआजीच्या घरचं कोनी तरी शेवटी येईन म्हनत होते. समीक्षा येईन असं वाटत होतं त्यांले."

माणूस आयत्या वेळी काय काय सांगायला लावतो सुनेला. पाय धुवायचे होते तर ती जिवंत होती तेव्हा यायचं होतं. पाण्याला काय कमी होती?

५ फेब्रुवारी, नागपूर

उद्या सकाळी छाती उघडणार आहेत. रजत आला आहे, माझ्यावर चिडत नाही, त्यावरून काय ते समजले. तो खाली फॉर्म भरतो आहे तोवर लिहून ठेवते. समीक्षा, ही डायरी तुझ्या हाती दे असं त्याला सांगितलं आहे. वाचून त्याला समजावून सांग.

शेत आणि घर रजतचं, त्यात बोलायचं काही नाही. माझी मोहनमाळ सुनेला. रामरावांचं घड्याळ रजतने स्वतः घालावं, कपाटात ठेवू नये, बंद पडतं. यंदाच्या तुरीचं एक पोतं भुरीबाईला, डाळ करून. तिला दात नाहीत. तुळसाबाईला माझी निळी शाल, ती दोन हिवाळे तिच्याकडे बघते आहे.

तोडे समीक्षाचे होतेच, ते घालूनच आले म्हणून राहिले. नर्सने काढून पाकिटात ठेवलेत, मागून घ्यावेत.

शाळेत काढलेला आमच्या दोघींचा फोटो कपाटाच्या वरच्या खणात आहे. तो मोठा करून काच लावून घ्यावा आणि इंद्रजीतच्या ओसरीवर लावावा. देवघराजवळ नको. तो जेवायला बसतो त्याच्या समोर. खिळा त्यानेच ठोकावा. बबिताला माझा आशीर्वाद, आणि स्टीलचा डबा, तिचे तीळ आले होते तो. रिकामा देऊ नये.

बूट समीक्षाला. थोडे मोठे होतील, पुढे कापूस भरावा. खडू भिजवून लावायचा. कोरडा लावला की पहिल्याच चकरेत झडतो.

पुढच्या माघी पौर्णिमेला तू धाव, पोरी. तुझा हात आता कोणी बघायचा नाही. हवं तर पहिली ये आणि फेटा घे, तो तुझ्या आजीचाच आहे. हवं तर शेवटी ये. मान अजून त्याच्याच घरी आहे, तो उभा असेल.

आणि "पुरे" हा शब्द. तो मी कोणाजवळही उच्चारलेला नाही. तो तुला देते. योग्य वाटेल तेव्हा, योग्य वाटलं तरच म्हणावास.

घाई करू नये.